खोली क्र. ३: फॉर्मॅलिन बंद, पेरॉक्साइडची वाफ सुरू (कामाच्या नोंदी)

सोमवार, १ जुलै २०२४

आजपासून या कामाची वेगळी वही. सेल कल्चरच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या, खोली क्र. ३ मधली फॉर्मॅलिनची धुरी कायमची बंद करायची आणि तिच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ आणायची.

आजवर चालत आलं ते असं: शनिवारी संध्याकाळी पातेल्यात पोटॅशियम परमँगनेट, त्यावर फॉर्मॅलिन ओतायचं आणि लगोलग बाहेर. दाराच्या कडांना टेप. सोमवारी सकाळी आत अमोनिया ठेवायचा, थोड्या वेळाने एएचयू (खोलीला हवा पुरवणारं यंत्र) चालू करायचा. त्यानंतर सगळ्यांत आधी आत जाणार मावशी, बादली आणि फडकं घेऊन. अमोनिया आणि फॉर्मॅल्डिहाइड मिळून जी पांढरी भुकटी बसते, ती पुसल्याशिवाय हूड (गाळलेल्या हवेत काम करायचं कपाट) चालू करता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी अर्ध्या तासात मावशी तीनदा बाहेर आल्या, पदर डोळ्यांना लावून. "ताई, आज जरा जास्तच झोंबतंय," एवढंच म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

फॉर्मॅल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठरवलं आणि त्याला पहिल्या गटात टाकलं. त्याला वीस वर्षं झाली. मला तो सोमवार विसरता येत नाही, म्हणून हा प्रस्ताव लिहिला. मॅडमनी मंजूर केला. मशीन तीन महिने भाड्याने मिळतंय.

खोलीचं माप परत घेतलं: ४.२ × ३.६ × २.८ मीटर. ४२ घनमीटर धरू.

गुरुवार, ४ जुलै

मशीन आलं. इंजिनियरने झाकण काढून दाखवलं. आत एक तापलेली प्लेट आहे. तिच्यावर ३५ टक्क्यांचं पेरॉक्साइड थेंबाथेंबाने पडतं आणि पडल्या पडल्या वाफ होऊन गरम हवेबरोबर बाहेर जातं. नंतरची हवा मशीनच परत ओढून घेतं आणि आतल्या उत्प्रेरकावरून फिरवतं. तिथे पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो.

आमच्याकडच्या एकाने विचारलं, हॉस्पिटलच्या ओटीत फॉगर मारतात तेच ना हे? तेच नाही. फॉगरमधून बारीक थेंब उडतात. थेंबाला वजन असतं, तो खाली बसतो. टेबलाची खालची बाजू, स्टुलाच्या बैठकीचा मागचा भाग तसाच कोरडा राहतो. वाफ हवेत मिसळते आणि जिथे हवा जाते तिथे जाते. पण जिथे हवा अडते तिथे तीही अडते. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मागे भुकटी राहत नाही, हे मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग मी आत कधी जायचं?" खरा प्रश्न तोच आहे. आठ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा १ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक. ७५ पीपीएमला जिवाला तात्काळ धोका. सायकल, म्हणजे वाफ सोडण्याची एक पूर्ण फेरी, चालू असताना खोलीत कित्येक शे पीपीएम असणार. वाफ स्वच्छ म्हणून साधी नव्हे.

सोमवार, ८ जुलै

दिवसभर खोलीची तयारी. छतातले पुरवठ्याचे आणि परतीचे दोन्ही डक्ट प्लास्टिक लावून बंद. पास बॉक्सचं (भिंतीतून सामान आत-बाहेर द्यायच्या पेटीचं) बाहेरचं दार टेपने सील. धुराचा डिटेक्टर इलेक्ट्रिशियन दादांकडून तात्पुरता बंद करून घेतला, कारण वाफेलाही तो धूर समजून वाजतो. सुरक्षा विभागाला लेखी कळवलं आणि तेवढा वेळ दाराशी माणूस ठेवायचं ठरलं.

आतून बाहेर काढलं: नोंदवह्या, टिश्यूचे रोल, सुती एप्रन, भिंतीवरचं कॅलेंडर. कागद, पुठ्ठा, कापूस, म्हणजे सेल्युलोज असलेलं काहीही पेरॉक्साइड पिऊन बसतं. कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या सीएसएसडीतला (निर्जंतुकीकरण विभागातला) माणूस हे झोपेतही सांगेल: पेरॉक्साइड प्लाझ्माच्या मशीनमध्ये कापडी गुंडाळी चालत नाही.

शनिवार, १३ जुलै: सायकल १

पुरावा कशाचा घ्यायचा हे आधीच ठरलेलं आहे. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू, स्टीलच्या चकतीवर सुमारे दहा लाख, चकती पांढऱ्या टायव्हेकच्या (कागदासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाकिटात. पेरॉक्साइडपुढे तग धरणाऱ्या जिवांत हा फार चिवट, म्हणून तोच नेमलेला. तो मेला तर बाकीचे मेले असं धरता येतं. सायकलीनंतर चकती नळीतल्या जांभळ्या ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) टाकायची, ५६ अंशांना सात दिवस ठेवायची. एखादा बीजाणू जरी उगवला तरी आम्ल तयार होतं आणि ब्रॉथ पिवळा पडतो.

बारा जागा निवडल्या. सोप्या जागा मुद्दाम टाळल्या. इन्क्युबेटरमागे, हूडच्या खाली, सिंकखाली, दाराच्या बिजागरीजवळ, छताच्या कोपऱ्यात.

बाटली भरताना हातमोज्याच्या कडेतून एक थेंब मनगटावर गेला. आधी काहीच वाटलं नाही. मिनिटभरात तिथली कातडी चुन्यासारखी पांढरी झाली आणि मग सुया टोचल्यासारखं झोंबायला लागलं. नळाखाली पंधरा मिनिटं हात धरला. इथून पुढे लांब बाह्यांचे मोजे आणि चेहऱ्यावर शील्ड, सगळ्यांना सक्तीचं. सांडलेलं पुसलेला सुती कपडा कचऱ्यात टाकायचा नाही, भरपूर पाण्यात भिजवायचा. वाळताना तो पेट घेऊ शकतो.

सुरुवातीची आर्द्रता ७८ टक्के, तापमान २५. बाहेर धो धो. द्रावण ४२० ग्रॅम, म्हणजे घनमीटरला १०. अर्ध्या तासाने काचेतून पाहिलं तर एसीच्या बाजूची भिंत ओली, तिच्यावरून ओघळ. मशीन तरीही "सायकल पूर्ण" म्हणालं.

मंगळवार, १६ जुलै

बारापैकी चार पिवळ्या. सगळ्या मशीनपासून लांबच्या.

पाण्याचा हिशेब मांडला. २५ अंशांना एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी मावतं. ७८ टक्क्यांना त्यातले १८ आधीच भरलेले. ४२० ग्रॅम द्रावणात २७३ ग्रॅम तर नुसतं पाणीच आहे, म्हणजे घनमीटरला साडेसहा. १८ आणि साडेसहा, भांडं वाहणारच. आणि हवा भरली की आधी पेरॉक्साइड सुटून खाली येतं, कारण ते पाण्यापेक्षा कमी उडणारं. म्हणजे आमचं सगळं औषध गार भिंतीवर ओघळलं आणि लांबच्या कोपऱ्यांना उरलंसुरलं मिळालं.

४० टक्क्यांपासून सुरू केलं तर? ९ आणि साडेसहा, शिवाय पेरॉक्साइड फुटून होणारं पाणी जवळपास दोन. साडेसतराच्या आसपास. मावतं.

पुण्याच्या जुलैत ४० टक्के आणायचे तर स्टोअरमधला डीह्युमिडिफायर दुरुस्त करून घ्यावा लागेल. आजच अर्ज टाकला.

शनिवार, २० जुलै: सायकल २

डीह्युमिडिफायर पहाटेपासून लावला. साडेनऊला ४१ टक्के. भिंत कोरडी राहिली. मीटर ३८० पीपीएमवर जाऊन स्थिर झालं.

हिशेबाने मात्र २,५०० यायला हवे होते. १४७ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड ४२ घनमीटरमध्ये पूर्ण वाफ होऊन राहिलं असतं तर तेवढेच होतात. उरलेलं गेलं कुठे? काही फुटलं, काही प्लास्टिकने आणि रंगाने शोषलं, बरंचसं डोळ्याला न दिसणाऱ्या पातळ थरासारखं सगळ्या पृष्ठांवर बसलं. म्हणून मीटरचा आकडा हा खोलीचा आकडा नव्हे. मीटर जिथे टांगलंय त्या जागेचा आहे.

गुरुवार, २५ जुलै

पाऊस रात्रभर. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्याला एकता नगरीत घरांत पाणी शिरलंय. मला निघताच आलं नाही. कॅम्पसवर राहणाऱ्या सहकाऱ्याने नळ्यांचा फोटो पाठवला: अकरा जांभळ्या, एक पिवळी. जागा क्र. ९, सिंकखाली.

घरी बसून जुन्या गोष्टी वाचल्या. २००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटं फिरली, तेव्हा परराष्ट्र खात्याची व्हर्जिनियातल्या स्टर्लिंग इथली टपालाची इमारत नंतर याच वाफेने साफ केली. आणि मार्च २०२० मध्ये, मास्क मिळेनासे झाले तेव्हा, बॅटेल संस्थेच्या पेरॉक्साइड यंत्रणेला एन-९५ पुन्हा वापरण्यासाठी आणीबाणीची परवानगी मिळाली. त्या परवानगीत अट होती की सेल्युलोज असलेले मास्क चालणार नाहीत. तीच अडचण. कागदाने तिथेही पेरॉक्साइड पिऊन टाकलं असतं.

ते वाचताना आठवलं. सिंकखाली मागच्या बाजूला मोज्यांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या असतात. मी त्या काढल्या होत्या का?

सोमवार, २९ जुलै

नव्हत्या काढलेल्या. दोन पेट्या, एक अर्धी. पण एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवून सिंकखालचा भाग टॉर्च लावून पाहिला.

गुडघे टेकून, मान वाकडी करून आत डोकं घातलं की दिसतं: पाइपच्या मागे मोरीची गोल जाळी, तिच्या ट्रॅपमध्ये काठोकाठ पाणी. जाळीच्या कडेला मॉपचं सुती टोक अडकून राहिलेलं, ओलं. शेजारी जुना पितळी कॉक, हिरवट झालेला. पाण्यात पेरॉक्साइड विरघळून जातं. कापूस ते पितो. तांबं आणि पितळ त्याला फोडतात. तिन्ही गोष्टी दोन वीत जागेत. त्यात कपाटाचं दार सायकलीत बंद होतं, म्हणजे हवाही अडलेली. या जागेत बीजाणू जगले यात नवल नाही.

रंग बदलणाऱ्या रासायनिक पट्ट्या सहा ठिकाणी लावून छोटी चाचणी घेतली. कपाटाच्या तोंडाशी पट्टी पूर्ण बदलली, मोरीपासून वीतभर अंतरावरची जेमतेम. पट्टीने वाफ पोचल्याचं कळतं, बीजाणू मेल्याचं कळत नाही. पण वाट शोधायला ती पुरते.

केलेले बदल: पेट्या बाहेर. मोरीवर रबरी झाकण आणि टेप. पितळी कॉक काढून स्टीलचा. सिंकचा ट्रॅप प्लास्टिकने बंद. कपाटांची सगळी दारं उघडी आणि खोलीत दोन पंखे, एक जमिनीलगत, सिंककडे तोंड करून.

शनिवार, ३ ऑगस्ट: सायकल ३

आर्द्रता ३९ टक्के. सगळं ठरल्याप्रमाणे. दाराबाहेर हातातल्या मीटरवर शून्य.

शनिवार, १० ऑगस्ट

नऊ नंबर सातही दिवस जांभळी. आणि सात नंबर, जिथे आधी कधीच काही निघालं नव्हतं, पाचव्या दिवशी पिवळी पडली.

आज मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. या क्षेत्रात अशा एकट्या उगवलेल्या चकतीला इंग्रजीत "रोग" (rogue) म्हणतात, म्हणजे वाट चुकलेली. कधी कधी चकतीवर बीजाणू एकावर एक थर करून बसतात, वरचे मरतात, खालचे झाकले जातात. दोष सायकलीचा नसतो, चकतीचा असतो. मॅडम म्हणाल्या, सात नंबर उघड्यावर आहे, हे तसलंच असणार.

असेलही. पण पाहिजे ते उत्तर आलं नाही की चकतीला दोष द्यायचा, ही सवय एकदा लागली की जात नाही. मी म्हटलं, एकेका जागी तीन चकत्या लावू. तिघींतली एक उगवली तर चकतीचा दोष मानता येईल. दोन उगवल्या तर जागेचा. खर्च तिप्पट होतो. मॅडमनी थोडा विचार केला आणि सही केली.

शनिवार, १७ ऑगस्ट: सायकल ४

छत्तीस चकत्या. आणि शिवाय तीन माझ्या हट्टाच्या.

ब्लड अगारसाठी (जिवाणू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीसाठी) आणलेल्या मेंढीच्या रक्तातलं थोडं उरलं होतं. तीन चकत्यांवर त्याचा एकेक थेंब पसरवून वाळवला आणि खोलीच्या मध्यावर, सगळ्यांत सोप्या जागी ठेवल्या. लहानपणी गुडघा खरचटला की आई त्यावर पेरॉक्साइड टाकायची आणि पांढरा फेस यायचा. तो फेस म्हणजे रक्तातलं कॅटॅलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइडला फोडत असतं. जखमेवर तो आपल्याला स्वच्छतेची खूण वाटतो. चकतीवर तोच फेस म्हणजे औषध वाया जाणं.

सोमवार, १९ ऑगस्ट

रक्ताच्या तिन्ही नळ्या पिवळ्याधमक. बाकी छत्तीस जांभळ्या, अजून पाच दिवस बाकी.

मावशींना मुद्दाम बोलावून इन्क्युबेटर उघडून दाखवला. ओळीत छत्तीस जांभळ्या आणि कडेला तीन पिवळ्या. त्यांनी विचारलं, "ह्या तीन जागा पुसायच्या राहिल्या होत्या का?" मी म्हटलं, हो, मुद्दाम. त्या नळ्यांकडे थोडा वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे मशीन आलं तरी माझं काम आधीच."

एसओपीत (कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदात) सायकलीची पहिली पायरी "मशीन आत आणणे" अशी लिहिली होती. ती खोडली. पहिली पायरी: साबणाच्या द्रावणाने सर्व पृष्ठे पुसणे, मग साध्या पाण्याने, मग पूर्ण कोरडी करणे. सही मावशींची. ती सही नसेल तर मशीन चालू करायचं नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

छत्तीसपैकी छत्तीस. सात नंबरच्या तिन्हीही. न वापरलेल्या कंट्रोलच्या नळ्या पहिल्याच दिवशी पिवळ्या झाल्या होत्या, म्हणजे बीजाणू जिवंत होते.

शनिवार, ३१ ऑगस्ट: सायकल ५

हवा स्वच्छ होण्याकडे आज पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. इतके दिवस मारण्याकडेच पाहत होतो.

सायकल संपल्यावर साडेपाच तासांनी खोलीच्या मध्यावर ०.४ पीपीएम. नियमाने दार उघडायला हरकत नव्हती. मास्क लावून आत गेले आणि मीटर एकेका खणात धरलं. पिपेट टिप्सच्या खणात, जिथे तळाला फोमचा तुकडा आहे, काटा चढत चढत ३.२ वर गेला. हूडच्या आत, फिल्टरजवळ, १.८. प्लास्टिक, फोम आणि फिल्टर आधी पेरॉक्साइड धरून ठेवतात आणि मग तासन्‌तास हळूहळू सोडतात. पुसायला आलेली बाई खण उघडते आणि वाकून आत बघते. तिचं नाक खोलीच्या मध्यावर नसतं, खणात असतं.

फोम कायमचा काढला. नवा नियम: दार उघडायची मर्यादा ०.५, आणि मोजायचं ते खणांत, कपाटांत आणि हूडच्या आत. हवा रात्रभर चालू ठेवायची. वासावर विसंबायचं नाही, धोक्याच्या पातळीला तो येईलच असं नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

एसओपीचा मराठी मसुदा मावशींना वाचायला दिला. त्यांनी मोठ्याने वाचला आणि "अवशिष्ट वाफेचे मापन" इथे थांबल्या. "ताई, 'राहिलेली वाफ मोजणे' लिहा की." लिहिलं. असे अकरा शब्द बदलले. मीटरचं बटण, शून्य कसं करायचं, बॅटरी कधी बदलायची, हे त्यांनी एका बैठकीत घेतलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

काल संध्याकाळी पहिली नेहमीची सायकल. उद्या गणपती, म्हणून आजच खोली मोकळी करायची होती.

सकाळी साडेनऊला मावशी मीटर गळ्यात अडकवून, मास्क लावून आत गेल्या. मी काचेबाहेर. पहिला खण ०.२. दुसरा ०.१. हूड ०.४. तिसऱ्या खणाशी त्या थांबल्या, मीटर परत धरलं, मला काचेतून दाखवलं: ०.९. खण उघडा ठेवून बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, "तिसरा खण बाकी. साडेदहाला परत."

साडेदहाला ०.३.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पाच नळ्या, सातवा दिवस, पाचही जांभळ्या. फॉर्मॅलिनच्या उरलेल्या दोन बाटल्या रासायनिक कचऱ्यात देण्यासाठी स्टोअरकडे पाठवल्या, पावती वहीला लावली. पुढची सायकल शनिवारी, २१ तारखेला. त्याआधी टेपचे दोन रोल आणि मोरीचं एक जास्तीचं रबरी झाकण मागवायचं.